एक ओळ वर

वर्षातून दोनदा मी हा दगड घासते.
एप्रिलमध्ये, पहाटेच्या सभेच्या आदल्या दिवशी,
आणि नोव्हेंबरात, गव्हाच्या गाड्या
सायलोकडे वळायला लागतात तेव्हा.
नगरपालिका देते एक बादली, एक ब्रश
आणि एक सूचना: साबण वापरू नये.
गुलाबी काकाकुव्यांना सूचना वाचता येत नाहीत,
शिपायाच्या हॅटवर त्यांची रोजची हजेरी.

शिपाई कॅटलॉगमधून मागवलेला.
त्याचा चेहरा वॉलूरातल्या कुणासारखाच नाही,
म्हणून तो कुणाच्याच घरी रडवत नाही.

खाली त्रेसष्ट नावं,
गेले त्या सगळ्यांची.
इथे गेले म्हणजे बोटीवर चढले, एवढंच.
त्यातले जे तिकडेच राहिले
त्यांच्या नावापुढे क्रूस,
करंगळीच्या नखाएवढा.

कारागीर शहरातून आला होता,
अक्षरागणिक पैसे घेणारा.
क्रुसाचे घेत नाही, म्हणाला.
त्या दुपारी पारा एकशे नऊवर होता,
पबचं दार उघडं,
आणि फुकटच्या कामात
त्याची छिन्नी एक ओळ वर गेली.

एच. ट्रेवेना फ्रान्समधल्या एका बीटच्या शेतात राहिला.
जे. ट्रेलोअर, म्हणजे जेबेझ,
अनावरणाला हजर होता. तिसऱ्या रांगेत,
मेव्हण्याच्या कोटात.
पडदा सरकला आणि त्याने स्वतःला वाचलं.
हसला म्हणे.
बायकोला म्हणाला, चल, चहा निवेल.

समितीचं इतिवृत्त अजून कपाटात आहे.
मी पाहिलंय.
विषय सातवा: दगडावरील चूक.
अख्खी बाजू तासावी लागेल, अंदाजे अकरा पौंड.
श्रीमती ट्रेवेना यांना बोलावण्यात आले.
त्या हातमोजे न काढता बसल्या.
म्हणाल्या, माझ्या मुलाच्या नावापुढे काही नाही.
ते तसंच असू द्या.
त्यानंतर एक ओळ कोरी.
मग विषय आठवा: गटारे.

जेबेझ पोस्टमन होता.
शाळेतली पोरं पैजेवर त्याला शिवायला यायची,
दगडावरचा मेलेला माणूस म्हणून.
तो सायकल थांबवून मनगट पुढे करायचा:
मोजा.
पोरं मोजायची. शंभरापर्यंत येणारी
शंभरापर्यंत, बाकीची वीसपर्यंत.

ट्रेवेनाबाईंच्या फाटकाशी मात्र तो
पत्र असो नसो, उतरायचाच.
आज नाही, म्हणायचा.
आज नाही, त्या म्हणायच्या,
आणि कडी लावून घ्यायच्या.
एकोणीस वर्षं.
मधल्या काळात त्यांच्याकडे
वीजबिलं आली, बियाण्यांची पुडकी आली,
भाचीचं लग्न आलं.
ती तो हातात द्यायचा,
आणि तरीही म्हणायचा.

दुसऱ्या युद्धाची नावं कोरायला नवा माणूस आला
तेव्हा बाई जाऊन चार वर्षं झाली होती.
छिन्नी बाहेर आहेच, क्लार्क जेबेझला म्हणाला,
आता तुमचं तेवढं उरकून घेऊ.
जेबेझ म्हणाला,
तुमच्या यादीत मी मेलोय ना?
मग मेलेल्या माणसाला विचारता कशाला.
आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन
डोंगरपेठेच्या चढाला लागला.

तो कधी वारला ते मला ठाऊक नाही.
दगडावरून कळायची सोय नाही.

मी आधी कोरडा ब्रश मारते, मग ओला.
शेवाळ अक्षरांत बसतं, ते काडीने काढते.
ट्रेलोअरच्या क्रुसात तर हमखास,
तिथे पश्चिमेचं ऊन पोचत नाही.
मग बादली ओतायची, आणि उभं राहायचं
दगड वाळेपर्यंत.
नावं उशिरा वाळतात.
ट्रेवेनापुढची जागा सगळ्यांत आधी,
पाण्याला थांबायला तिथे खाच नाही.