घट-वाढ

शिलाई मशीनचं झाकण पाडून
त्यावर लॅपटॉप. हरिपुरातली मागची खोली.
खिडकीबाहेर, वारणा जिथे कृष्णेत शिरते,
तिथलं पाणी अजून दोन रंगांचं आहे,
आणि मी हिशेब मांडतेय
दोन हजार किलोमीटर वरच्या एका खोऱ्याचा.

पडलेला पाऊस, पडलेलं हिम, हिमनदीची झीज,
त्यातून वजा वाफ, वजा
पुलाखालून गेलेलं सगळं.
बाकी शून्य यायला हवी.
येते उणे एकशे बारा मिलिमीटर.

म्हणजे नदीनं नेलं जास्त
आणि आभाळाच्या नावावर कमी.
तीन वर्षांचे आकडे. तिन्ही वर्षं उणेच.

दुपारी अंगरूपचा निरोप आला होता:
सात नंबरची काठी पडली, दीदी.
दहा मीटर खोल रोवली होती आम्ही ती,
वाफेच्या नळीनं बर्फाला भोक पाडून;
माझी बोटं दोन दिवस बधिर होती.
आता ती उन्हात उताणी पडलीय
आणि तिच्याखालचं किती गेलं
ते सांगायला काठीच उभी नाही.
दहा तरी, तो म्हणतो.
'तरी' हा शब्द
मला सूत्रात घालता येत नाही.

भूपालमामा पेवांचा हिशेब ठेवायचे.
जमिनीखाली हळद, वर गवत, वर माती,
आणि एका लाल वहीत
आत किती, बाहेर किती.
उघडलं की आधी दोरानं कंदील सोडायचा;
विझला तर थांबायचं,
व्यापारी वर कितीही ओरडो.
तीन वर्षांनी काढलेली हळद
काट्यावर जास्तच भरायची.
व्यापारी खूश, दिवाणजी हैराण:
घातली त्याहून जास्त निघते कशी?
मामा घट-वाढीच्या रकान्यात लिहायचे
मातीखाती जमा.

मी विचारलं होतं, मातीनं काय दिलं?
ओल, म्हणाले. पण पदरची नाही देत ती.
तेवढी कुठूनतरी ओढते.

पाचच्या पुरात पेवं ढासळली.
परड्यात एक खळगा राहिलाय,
आई त्यात राख टाकते. भरत नाही.

सरांनी कळवलंय, वाऱ्यानं हिम उडतं,
मापकात पडत नाही, गुणांक वाढवा.
बरोबर आहे त्यांचं. मी उभी होते तिथे.
आडवं पडणारं हिम पाहिलंय,
मापकाच्या तोंडावरून
ओळख नसल्यासारखं निघून जाताना.
एक पूर्णांक चौतीस घातलं.
बाकी शून्य. इतकी पटकन,
जशी दाराआडच उभी होती.

पुसलं.
एक पूर्णांक दोन घातलं, जेवढं मला झेपतं.
उणे सेहेचाळीस.
असू दे ही.
सात नंबरखालची असेल, किंवा नसेल;
अहवालात कारणासाठी ओळ एकच आहे
आणि तिथे माती लिहिलेलं चालत नाही.

अंगरूपला कळवलं, नवी काठी बारा मीटरची घे.
तो म्हणाला, तिथे बारा मीटर बर्फ उरलाय का,
ते आधी बघावं लागेल.

आईला मशीन हवंय, परकराची कड उसवलीय.
उठतेस का, की आहे अजून?
थोडं उरलंय, मी म्हणते.
ती दोरा ओवता ओवता विचारते,
थोडं म्हणजे किती?