बी साइडचा ठसका

हिलाल झिपरू भोई.
कॅसेटवर नाव छापताना छापखानेवाल्याने ‘भोई’ गाळलं.
जागा नव्हती, म्हणाला.
जागा होती. तिथे त्याने स्वतःचा फोन नंबर टाकला होता.

दोंडाईच्याच्या मिरची गोदामात हिलाल पोती उचलायचा,
संध्याकाळी तोच लाल हात धुऊन बेंजो मांडीवर घ्यायचा.
एक चावी तुटलेली, तिथे सायकलच्या स्पोकचा तुकडा.
तो सूर जरा वर चढायचा, आणि आम्हाला वाटायचं,
अहिराणीत हा सूर असाच असतो.

पहिली कॅसेट माझ्या दुकानात भरली,
एस.टी. स्टँडसमोर, सहा बाय आठ,
खिळ्यांवर गोधड्या टांगून,
रात्री अडीचला, मालगाडीचे भोंगे टाळत.
बी साइडचं दुसरं गाणं :
बायको गावी, नवरा उधन्याला मागावर,
पत्र लिहायला दोघांनाही येत नाही.
‘दिवा’ या शब्दापाशी त्याला ठसका लागला.
मिरचीचा. पार छातीच्या तळातून.
थांबला, गिळला,
आणि पुढची ओळ घेतली.
टेप वाया घालवायची ऐपत कुणाची होती? राहू दिला.

चाळीस प्रती. मग चारशे. मग मी मोजणं सोडलं.
उधना, लिंबायत, पांडेसरा –
रात्रपाळी सुटली की खोल्याखोल्यांतून वाजायची म्हणे,
आणि दिव्यापाशी आली की
सगळे गडी आपणहून खोकायचे.

मग धुळ्याच्या एका कंपनीने त्याला उचललं.
काचेची खोली, ढोलकीला वेगळा माइक.
त्याने कोट शिवला, मरून रंगाचा, शिरपूरच्या शिंप्याकडून.
तेच गाणं पुन्हा गायला. स्वच्छ.
महिन्याभरात गठ्ठे परत.
सुरतेहून आलेल्या एकाने माझ्या काउंटरवर कॅसेट आपटली,
“ठसका कोठे गया?”
हिलाल तिथेच स्टुलावर बसून बशीतला चहा फुंकत होता.
त्या माणसाने त्याला ओळखलं नाही.

नंदुरबारला स्टेजवर त्याने मुद्दाम खोकून पाहिलं.
लोक हसले.
येताना जीपमध्ये कुणी काही बोललं नाही,
दोंडाईच्याची कमान येईपर्यंत.

आता तो शीतगृहाच्या गेटवर असतो, रात्रीचा.
मरून कोट थंडीला बरा पडतो.
परवा मला मूळ टेप सापडली, दमट, ताणलेली.
घेऊन गेलो. मशीन कण्हत चाललं,
आवाज बैलाच्या हंबरण्याइतका खाली उतरलेला.
त्याने टोपी सरकवून कान पुढे केला :
“हाऊ कोन शे रे?”

मी सांगणार, तेवढ्यात दिवा आला.
आणि टेपच्याही जरासा आधी,
गोदाम सोडून अठरा वर्षं झालेला हिलाल
खोकला.