मुरत ठेवलेलं

दिवसभर तारल्यांची डोकी उडवते मी
साफी बंदरामागच्या डबाबंद कारखान्यात,
ट्रेमागे पैसे.
सात वर्षं झाली, घरात मासा आणला नाही.
वास मात्र येतोच बरोबर, ओढणीतून, नखांतून.
बसमध्ये शेजारची बाई खिडकीकडे सरकते,
त्याची सवय झाली.

आज दार उघडलं तर लसूण.
ओली कोथिंबीर, जिरं,
आणि झुहैर इतका शांत
की म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

फ्रिजमध्ये निळ्या पातेल्यात
ताटलीखाली तारल्या मुरत होत्या.
काटा काढून उघडलेल्या,
मधे शर्मूला फासून
दोन-दोन एकमेकींवर दाबलेल्या.
आमच्याकडे यांना लग्न लावलेल्या तारल्या म्हणतात.
"तू बस," तो म्हणाला, "हात लावू नकोस. सोपंय."

सोपंय.
पीठ परातीत, पीठ फरशीवर, पीठ मांजरीच्या पाठीवर.
तेल तापायच्या आधीच पहिली जोडी टाकली,
ती तव्याला चिकटली आणि काडीमोड झाला.
मी स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसले.
दुसरी जोडी टिकली.
मग चुरचुर, एकसारखी, घरभर.
कारखान्यात मासा मुका असतो.
त्याला हा आवाज असतो हे विसरलेच होते.

लिंबू पिळताना त्यानं हात झटकला.
"दाखव."
"काही नाही गं."
"दाखव."
तळहातावर आडवी लाल रेघ.
ओला दोर सरकल्याशिवाय ती पडत नाही,
माझ्या भावांच्या हातांवर होत्या तशाच.

म्हणजे पहाटे दप्तर घेऊन निघाला तो बंदरावर,
आणि मजुरी ही, पिशवीभर.
किती दिवस चाललंय, विचारलं नाही.
काटे काढायला कुणी शिकवलं, तेही नाही.
माझ्यापेक्षा सफाईनं काढले होते,
याचाच जास्त राग आला.

तोंडाशी आलेलं सगळं
पावाच्या तुकड्याबरोबर गिळलं.
मीठ जास्त होतं. जिरं कच्चं.
पण आतली कोथिंबीर अजून हिरवी,
लिंबू पार शेपटीपर्यंत उतरलेलं.
सहा खाल्ल्या मी.
सात वर्षांनी, एकदम सहा.

"कशा झाल्यात?"
"मीठ जास्त."
"आणि?"
"आणि उद्या बोलू. रात्रभर मुरू दे ते."

त्याला कळलं.
ताट उचललं त्यानं, माझंही,
न सांगता.
अंग आंबून गेलं होतं, तरी उठले,
त्याच्या तळहातावर ऑलिव्हचं तेल चोळलं.
तो स्स करत राहिला.
दोघांच्या हातांना एकच वास,
साबणानं न जाणारा.

दारात मांजर
स्वतःच्या पाठीवरचं पीठ चाटत बसली होती.