सात सेकंद

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी
पहाटे चारलाच जाग आली.
डबा भरून घेतला, बूट चढवले,
दाराची कडी काढली, आणि मग आठवलं.
तो डबा ओट्यापाशी उभ्या उभ्या खाल्ला.
हेल्मी म्हणाली, उद्यापासून बशीत वाढते.

एकतीस वर्षं डुलुथच्या धक्क्यावर
जहाजांच्या पोटात लोहखनिज ओतलं मी.
लाल धूळ अजून कानात आहे.
डॉक्टर म्हणतो, नाही.
उशीच्या अभ्र्याला विचारा म्हणावं.

आता कामं म्हणजे
पक्ष्यांना सूर्यफुलाच्या बिया, खारीला शिव्या,
गोळ्यांची डबी, जिच्यात गुरुवार नेहमी उरतो,
दारापुढचं बर्फ अर्धं मी, अर्धं शेजारचा ऑर्व्हिल
(त्याचं अर्धं दरवर्षी थोडं लहान होतं),
आणि संध्याकाळी सामना.

हिवाळ्यात बर्फावरची हॉकी, उन्हाळ्यात बेसबॉल.
दोन्ही संघ आमचेच, दोन्ही एका माळेचे मणी:
महिनोन् महिने आशा लावतात
आणि ऐन वेळी माती खातात.
हे दुखणं बापाकडून आलं,
घराबरोबर, गुडघ्यांबरोबर.

टीव्ही बैठकीत. रेडिओ आत, हेल्मीचा.
रेडिओ सात सेकंद पुढे असतो.
घड्याळ लावून मोजलंय, वेळेला काय तोटा?
माझ्या पडद्यावर चेंडू अजून हातातून सुटलेला नसतो
आणि तिकडे तिला निकाल ठाऊक असतो.
पूर्वी ती ओरडायची.
एकदा त्यावरून चार दिवस अबोला झाला,
तेव्हापासून ओरडत नाही.
पण सुरीचं काय करणार?
गाजरावरची सुरी थांबली, की समजावं, गेला.
भरभर चालली, की आपला गोल.
झाकण आपटलं, तर पंच आंधळा.
मी डोळे पडद्यावर ठेवतो, कान आत,
आणि सात सेकंदांनी दचकून दाखवतो.
ती विचारते, काय रे, काय झालं?
संसार म्हणतात तो हाच असावा.

गेल्या फेब्रुवारीत, मंगळवारी,
पहिलाच पिरियड, आम्ही चक्क एकाने पुढे,
आतला भिंतीवरचा फोन वाजला.
रात्रीपर्यंत कळवतो, असं डॉक्टर म्हणाला होता.

सुरी थांबली.
"हो," ती म्हणाली. "हो, मीच."
पडद्यावर कुणी कुणाला फळीशी दाबत होतं.
मी सवयीने मोजू लागलो.
सात झाले. आठ झाले. वीस झाले.
हे सेकंद टीव्हीचे नव्हते.
हातात रिमोट होता,
बंद करायला की आवाज वाढवायला, आठवत नाही.
जन्मात पहिल्यांदा वाटलं,
मागेच राहू दे मला,
पक कुणाच्याच काठीला लागू नये,
असाच घसरत राहावा मधल्या बर्फावर.

फोन ठेवल्याचा आवाज.
रेडिओत गर्दीचा एक लांब सुस्कारा.
मग सुरी सुरू झाली.
सावकाश. कांदा असावा.

"साधी गाठ आहे," ती आतून म्हणाली.
"आणि आपल्यावर गोल बसला."

कधी नव्हे ते तिने आधी सांगितलं,
आणि मी चिडलो नाही.
तो गोल मी नीट पाहिला.
छान होता, खरं सांगायचं तर.
गोलरक्षकाच्या डाव्या खांद्यावरून.

पाच–एकने हरलो त्या रात्री.
सकाळी ऑर्व्हिलने कोचला नावं ठेवली,
मालकाला ठेवली, थेट गव्हर्नरपर्यंत पोचला.
मी फावडं चालवत राहिलो,
त्याच्या हद्दीत शिरलो, पार त्याच्या पायरीपर्यंत.
आज काय एवढं? त्याने विचारलं.
मी म्हटलं, व्यायाम.