बेचाळीस अक्षरं

बारकाच्या किनाऱ्यावर रात्रपाळीत
मी समुद्राचं गोडं पाणी करतो.
म्हणजे करतात पंप आणि पडदे;
मी तासातासाला आकडे वहीत उतरवतो,
क्षार, दाब, तापमान,
आणि मधल्या पंचावन्न मिनिटांत
एका बाईचं बोलणं मराठीत आणतो.

ती कुठल्याशा थंड देशात
उजेडाच्या तुकड्यात उभी आहे.
हातात कागद नाही. चौदा मिनिटं.
ऐकणाऱ्याकडून संस्था पैसे घेत नाही,
लिहिणाऱ्याला देत नाही.
नियम तेवढे देते:
खाली दोन ओळी, ओळीत बेचाळीस अक्षरं,
वाचणाऱ्याचा डोळा दमता कामा नये.

बाई पाण्यावर बोलते आहे,
वर्षाला चार दिवस ढग बघणाऱ्या गावांवर,
आणि फिरून फिरून म्हणते, रेझिलियन्स.
कोशात मिळालं: स्थितिस्थापकत्व.
ते वाचून होईतो बाई पुढच्या गावात.
लवचीकता लिहिलं. खोडलं.
पट्टीचा रबर आठवला.

पहाटे खोलीवर घडशीला विचारलं,
यशवंता, पाऊस नाही, पगार नाही,
तरी माणूस उभा, याला तुम्ही काय म्हणता?
तो मोरीत बनियन पिळत होता.
मागच्या कंपनीनं त्याचा पासपोर्ट दाबून
सोहारला सात महिने ठेवलेलं,
खुबूस आणि डाळीवर.
"तग," म्हणाला. "तग धरला म्हणायचं.
आणखी काय?"

दोन अक्षरं.
चाळीस शिल्लक.

अहेरीची मृणालिनी मडावी माझं काम तपासते.
आम्ही एकमेकांना पाहिलेलं नाही.
तिचा निरोप: होडेकरदादा,
तिसऱ्या मिनिटाला 'हाय' लिहिलंत 'आहे'च्या जागी,
हर्णैच्या बाहेर या.
तग मात्र राहू द्या.

अकराव्या मिनिटाला बाई गप्प होते.
आपल्या बुटांकडे बघते. सात सेकंद.
शांततेला ओळ लावायची नाही, असा नियम.
मी ते सात सेकंद किती वेळा पाहिले
वहीत नोंद नाही.

आमच्याकडे एका नळातून गोडं पाणी शहराला जातं
आणि दुसऱ्यातून उरलेलं,
समुद्राहून खारं, परत समुद्रात.
त्या बाईची आजीच्या किटलीवरची थट्टा,
'र' म्हणतानाची तिची जीभ,
एक शिवी, जी मी सौम्य केली,
हे सगळं माझ्याकडे उरलंय.
त्याचा नळ कुठं सोडायचा
ते नियमांत नाही.

शेवटी नाव येतं, मराठी अनुवाद: शकूर होडकर.
एक मात्रा गेली. कळवलंय.

तीन आठवड्यांत त्रेपन्न जणांनी पाहिलं.
त्यातले चार मीच,
जोडाक्षरं फुटतात का बघायला.
एक घडशी.
वरच्या बंकवर, आवाज बंद करून,
कारण खोलीत सहा जण झोपलेले.
निळा उजेड त्याच्या हनुवटीवर.
त्याचा शब्द आला तिथं त्यानं थांबवलं,
बोटानं मागे नेलं,
पुन्हा पाहिलं.

मग खाली वाकून मला म्हणाला,
"बाई बरोबर बोलली."