चार बोटं

टॉर्युस जाऊन दीड वर्ष झालं,
सुनिवा त्याची सायकल चालवते
त्याच्याच उंचीवर.
पेडल खाली गेलं की टाच सुटते,
लाल दिव्याला उडीच मारावी लागते.

बर्गनच्या चढावर आस्लाकनं पाहिलं हे.
पाना होता खिशात. काढला नाही.
“चेन कोरडी पडलीय,” म्हणाला,
आणि ओल्या रस्त्यावर गुडघा टेकून
तेल घालत बसला, थेंब थेंब.

एप्रिलात एकदा तिनंच हात पुढे केला.
“दे.”
बोल्ट हट्टी. दोघांचा जोर लागला.
सीट चार बोटं खाली आली,
जुन्या उंचीची गंजकी रेघ
नळीत आत गेली. पुसली नाही.

पुढच्या लाल दिव्याला
तिचे दोन्ही पाय जमिनीवर.
हिरवा झाला, ती उभीच.
मागून आस्लाकची घंटी,
एकदाच.