रिकामं वर्ष

बाबांच्या पेनड्राइव्हमध्ये सगळ्या होड्या एकाच ढिगात:
नवीन, नवीन२, खरी-नवीन, हीच-घे-एलियाना.
बाहेर ओहोटी. कास्त्रोची घरं
खांबांवर उभी, गुडघ्यापर्यंत उघडी.

मी फोल्डर करते. पानं. चित्रं. चित्रांत वर्षं.
एकेक होडी तिच्या वर्षात ढकलते.
दोन टिंबं, तिरकी रेघ: एक पायरी वर.
तरी ‘रोसाउरा’ पानावर दिसेना.
तासाभराने सापडलं, पहिलं अक्षर
इथे मोठं, तिथे लहान.
बाबा हसले, “फळीवरचा खडूचा आकडा चुकला
की पाणी आत येतंच.”

दोन हजार एकोणीस रिकामं राहिलं.
त्या वर्षी त्यांचा हात प्लास्टरात,
आणि अंगणात सायप्रसच्या फळ्या
काळ्या पडत गेलेल्या.
काढून टाकू?
“राहू दे. जगलो की तेही.”

पण रिकामा फोल्डर वर चढत नाही,
आत काहीतरी लागतं.
मग एक कोरी फाइल केली, नावाआधी टिंब,
म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायची नाही.

“किती जागा खाते?” बाबांनी विचारलं.
काहीच नाही, म्हटलं.
पण चढलं वर्ष.